काठीलाही गाव असतं : ऑनलाइन बाजार चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपन्यांचे तक्रार निवारण अधिकारी यांस,

विषय : मासे धरायची काठी कुठं बनली आणि कशाची बनली, हे खरं लिहिण्याबाबत

महोदय,

माझं गंगाखेडला मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी कॉइल कापून काढायची, नवी तार भरायची, वार्निश पाजून सुकवायची, हा माझा धंदा. दोरा, स्लीव्ह, इपॉक्सी, मायक्रोमीटर असं सगळं हाताशी असतं, म्हणून गेल्या काही वर्षांत लोक आणखी एक दुखणं माझ्याकडं आणू लागलेत : मोडलेले फिशिंग रॉड. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ज्यातून जाते ती रिंग निसटली की दोरा गुंडाळून इपॉक्सीचा हात मारून देतो. शेंडा तुटला की छाटून नवी रिंग बसवतो. पैसे फार घेत नाही, कारण गळ टाकायचा नाद मलाही आहे. गंगेच्या काठी जन्मलेल्या माणसाला तो लागतोच. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. तुमच्या कॉल सेंटरवरच्या ताईंना हे सांगितलं तर त्यांनी मला उत्तर प्रदेशच्या विभागाकडं जोडून दिलं.)

पत्राला निमित्त झालं भाच्याच्या काठीचं. लेकरू मुदगलच्या बंधाऱ्याकडं राहतं. उन्हाळ्याच्या तोंडाला हळद काढणीसाठी वसमतकडं जाऊन त्यानं चार पैसे आणले आणि त्यातले २,१४९ रुपये घालून तुमच्या सेलमधून सात फुटी काठी अन् रीळ मागवलं. पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं : जपान टेक्नॉलॉजी, १०० टक्के कार्बन, २४ टन, प्रो सिरीज. पार्सल आलं मे महिन्यात. तेव्हा गंगेत वाळू होती, बाभळी होत्या, पाणी नव्हतं. त्यानं काठी पोत्यात गुंडाळून आढ्याला टांगली. ऑगस्टात वरून पाणी आलं, गढूळपणा बसायला आठ-दहा दिवस गेले, आणि मग पहिल्याच रविवारी मासा लागला अन् काठी मधल्या पेरात कडकन् गेली. "मामा, म्या अजून ओढायलोच नव्हतो," असं म्हणत दोन तुकडे त्यानं माझ्या बाकावर ठेवले. मासा कटला होता का मरळ, तेही त्याला कळलं नाही.

तुकडे मी मोटारीसारखेच तपासले. मोडलेल्या जागेचा रंग ब्लेडनं खरवडला. वर काळाकुट्ट, आत पांढरट धागा. मीटरच्या दोन्ही पिना त्या खरवडलेल्या जागी लावल्या, मीटर मुका. कार्बन वीज नेतो, काच नेत नाही, हे आमच्या धंद्यातलं पोरगंही सांगेल. मग धाग्याला लायटर लावला. धागे चिकटवून धरणारं रेझिन जळून गेलं अन् हातात काचेची पांढरी लव उरली. मायक्रोमीटर लावला तर नळीची जाडी एका बाजूला १.१ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ०.६. पातळ बाजूनंच तडा गेला होता. शेवटी खोका पाहिला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'मेड इन पीआरसी', म्हणजे चीन. तुमच्या पानावर, खूप खाली, तपशिलाची पट्टी उघडल्यावर 'मूळ देश : भारत'. आणि नावात जपान. एका काठीला तीन गावं.

तक्रार केली. पोच ४८ तासांच्या आत आली, हे कबूल. पाचव्या दिवशी उत्तर आलं : मूळ देशाची माहिती विक्रेत्यानं दिलेली आहे, परत करायची मुदत सात दिवसांची होती, ती संपली, सबब तक्रार बंद. खाली पाच चांदण्या काढून विचारलं होतं, आमची सेवा कशी वाटली.

हा निर्णय मला मान्य नाही. भाच्यानं सोडून दिलं, म्हणाला, "जाऊ द्या मामा, दोन हजारासाठी कुठं भांडायलात." मी सोडत नाही, कारण पावसाळ्यापासून माझ्या बाकावर अशा अकरा काठ्या आल्या. खरं सांगायचं तर त्यातल्या चार मालकांनीच मोडल्या होत्या. एक मोटारसायकलच्या चाकात गेली, एक दारात चेंगरली, आणि दोघांनी मासा काठाशी आल्यावर काठी आभाळाकडं उभी धरून त्याला उचलायला पाहिलं. तसं धरलं की सगळा भार शेंड्यावर येतो, चांगली काठीही जाते. त्या चौघांचा दोष मी त्यांच्याच पदरात घातला. हे पत्र उरलेल्या सात काठ्यांचं आहे.

आमच्याकडं अनोळखी माणूस दारात आला तर पाण्याचा तांब्या पुढं करता करता पहिला प्रश्न असतो, "पाव्हणं कोण्या गावचं?" त्यात कुणाचं गाव मोठं अन् कुणाचं लहान हा हिशेब नसतो. गाव कळलं की माणसाचा ठावठिकाणा कळतो. उद्या काही कमीजास्त झालं तर कुणाच्या दारात जायचं, हे ठरतं. काठीचा मूळ देश मी विचारतो तो एवढ्यासाठीच.

चिनी म्हणजे भंगार अन् जपानी म्हणजे सोनं, असं मी म्हणत नाही, आणि वाचणाऱ्यांनीही म्हणू नये. चीनच्या शानडोंग प्रांतातलं वेइहाई हे शहर मासेमारीच्या सामानासाठी जगभर ओळखलं जातं. तिथं हलक्यातली हलकी अन् भारीतली भारी, दोन्ही काठ्या बनतात. शिमानो ही जपानच्या साकाई गावची १९२१ ची कंपनी, पण तिचे कारखाने जपानबाहेरही आहेत. दाइवा ह्या दुसऱ्या जपानी कंपनीचाही व्हिएतनामात कारखाना आहे. एकाच कारखान्यातून चार कंपन्यांच्या नावानं काठ्या निघतात, प्रत्येकीचा धागा वेगळा, रिंग वेगळी, तपासणी वेगळी. म्हणजे नुसता देश कळून दर्जा कळत नाही. पण जो देशच खोटा सांगतो, त्यानं धागा खरा सांगितला असेल यावर मी का विश्वास ठेवावा?

माझे आजोबा वेळूची काठी वापरायचे. बाजारात बुरुडाकडं उकिडवं बसून एकेक वेळू उचलायचे. पेरं जवळ जवळ आहेत का बघायचे, बोटानं वाजवायचे, बूड पायाखाली धरून शेंडा वाकवायचे अन् सोडून द्यायचे. सरळ किती लवकर होतो ते बघायचे. कीड लागली असेल तर भोकाशी पिठूळ भुगा दिसायचा. मग घरी आणून महिनाभर चुलीवर धुरात टांगायची. बुरूड सांगायचा, ह्या बनातला आहे, अमक्या महिन्यात तोडला. खोटं सांगितलं तर पुढच्या बाजारी तो तिथंच बसलेला असायचा. आता काठी मोबाइलवर येते. वाजवता येत नाही, वाकवता येत नाही. आमचा हात तुम्ही मधून काढून टाकला, त्याची सोय आम्हाला आवडलीही. पण मग त्या हाताला जे कळलं असतं ते लिहून देणं तुमच्याकडं लागतं, आणि ते तुम्ही लिहीत नाही.

आता गाऱ्हाणी सांगतो.

पहिलं, गावाची लपवाछपवी. 'जपान टेक्नॉलॉजी', 'जर्मन डिझाइन', 'फुजी टाइप रिंग' ह्या शब्दांनी काहीच सांगितलं जात नाही, अन् गिऱ्हाइकाला मात्र सगळं सांगितल्यासारखं वाटतं. फुजी ही जपानची रिंगा बनवणारी कंपनी आहे. 'फुजी टाइप' म्हणजे फुजीची नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'पीआरसी' म्हणजे पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, दहातले नऊ म्हणतील एखाद्या कंपनीचं नाव असेल. म्हणूनच ते तसं छापतात. बारकोडचंही तेच. ८९० नं सुरू झाला म्हणजे माल भारतातला, असा मेसेज फिरत असतो. तो चूक आहे. ८९० म्हणजे तो आकडा भारतात नोंदवलेला आहे, एवढंच. माल कुठंही बनलेला असू शकतो. हे गैरसमज तुम्ही पसरवले नाहीत, पण त्यांच्यावर तुमचा धंदा चालतो.

आणि हे काही मी मनानं मागत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये लिहिलंय की विक्रेत्यानं वस्तूचा मूळ देश सांगायचा, आणि आयात माल असेल तर तो कुणी आयात केला त्याचं नाव अन् तपशील दाखवायचा. वैध मापनाचे आवेष्टित (पाकीटबंद) वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, त्यांनाही आयात मालावर मूळ देश अन् आयातदाराचं नाव-पत्ता लागतो, आणि ऑनलाइन विक्रीला ते पानावर दाखवावं लागतं. भाच्याच्या काठीच्या पानावर आयातदाराच्या जागी लिहिलं होतं 'लागू नाही'. चीनहून काठी पोहत आली असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं, काठी कशाची आहे. इथं जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त लूट इथंच होते आणि ती उघड्या डोळ्यांना दिसत नाही.

काठी बनते ती अशी : काचेच्या किंवा कार्बनच्या धाग्याचं, रेझिन मुरवलेलं कापड तिरकं कापतात, निमुळत्या पोलादी सळईवर गुंडाळतात, वरून पट्टी आवळून बांधतात, भट्टीत भाजतात, सळई ओढून काढतात. मग घासतात, रंग देतात. माझ्या वार्निशच्या भट्टीचीच मोठी बहीण म्हणा. कापड गुंडाळताना सारखं बसलं नाही तर नळी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ होते. हे सगळं रंगाखाली झाकलं जातं. काचेवर काळा रंग मारला की ती कार्बनसारखी दिसते.

आमच्या धंद्यातही हेच आहे. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा देऊन ती तांब्याची म्हणून खपवणारे आहेत. पण इथं शेतकरी समोर स्टुलावर बसलेला असतो. तो तार खरवडून बघतो, वजनकाट्यावर ठेवून बघतो, जुनं तांबं माझ्याकडून मोजून घेतो. तांब्याच्या नावाखाली मी ॲल्युमिनियम भरलं तर दुसऱ्या दिवशी दुकानापुढं ट्रॅक्टर उभा राहील, अन् तो भाडं घेऊन आलेला नसेल. तुमच्यापुढं ट्रॅक्टर उभा करता येत नाही, हाच काय तो फरक.

काच वाईट असते असंही नाही. काचेची काठी जड असते, पण मार सोसते. दगडावर आपटली, मोटारसायकलला बांधून नेली, पोरांनी तलवारबाजी केली तरी टिकते. मरळीसारखा झाडोऱ्यात घुसणारा मासा ओढायला मी स्वतः काचेचीच घेतो. कार्बन हलका, एका घनसेंटिमीटरला काच साधारण अडीच ग्रॅम, तर कार्बन १.८. ताठपणात साधा कार्बनचा धागा काचेच्या तिपटीच्या आसपास. म्हणून बारीक टोच हाताला लगेच कळते. पण जितका ताठ तितका ठिसूळ, एक खरवड लागली की तिथूनच जातो. ज्याला जे हवं त्यानं ते घ्यावं. काचेची काठी काच म्हणून सहा-सातशेला विका, मी चार गिऱ्हाइकं पाठवतो. तिला कार्बन म्हणून दोन हजाराला विकायची नाही.

आणि ते '२४ टन'. भाच्याला वाटलं, ही काठी २४ टन वजन पेलते. हसू नका, त्याच्या डोळ्यापुढं टन म्हटलं की उसानं भरलेली ट्रक येते, अन् तुमच्या पानावर ह्याहून वेगळं काही लिहिलेलं नाही. खरं तर तो आकडा धाग्याच्या ताठपणाचा आहे, एका चौरस मिलिमीटरमागं धरायचा. २४ टन म्हणजे कार्बनमधला साधा, रोजच्या वापरातला धागा. म्हणजे ज्याची बढाई मारली ते साधं होतं, आणि काठीत तेही नव्हतं. 'आयएम ६', 'आयएम ७', 'आयएम ८' ही नावंही तशीच. ती हेक्सेल ह्या अमेरिकी कंपनीच्या ठरावीक धाग्यांची. आता कुणीही उठतो अन् छापतो, जणू आठवी पास सातवीपेक्षा हुशार. '१०० टक्के कार्बन' तर होऊच शकत नाही, धागा धरून ठेवायला रेझिन लागतंच. टक्के कशाचे, ते कुणी सांगत नाही.

जाता जाता वाचणाऱ्यांसाठी : मीटर वाजला म्हणजे पूर्ण कार्बन, असं समजू नका. काचेवर कार्बनचा एक पातळ पदर दिला तरी मीटर वाजतो. मीटर मुका राहिला तर मात्र खरवडलेल्या त्या पदरात कार्बन नाही. चांगली काठी अशी खरवडून बघायची नाही, नाहीतर त्याच जागी मोडेल. हा प्रयोग मोडलेल्यावरच करायचा.

तिसरं गाऱ्हाणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याबद्दल तुमच्यापैकी कुणी एक ओळही लिहिलेली मी पाहिली नाही. विजेचं.

गंगेच्या दोन्ही काठांनी पाणी उपसायच्या मोटारी बसवलेल्या आहेत. त्यांच्यासाठी तारा ओढलेल्या आहेत. खांब कलले आहेत, तारा झोळीसारख्या लोंबतात. त्याच तारांखाली बसून आम्ही गळ टाकतो, कारण सावली अन् डोह तिथंच असतो. बारा फुटी फोल्डिंग काठी उघडून उभी केली की शेंडा कुठं पोहोचतो याचा अंदाज राहत नाही. काठी कार्बनची असेल तर ती तार आहे, हातात धरलेली. कार्बनची काठी विजेच्या तारेला लागून माणसं गेल्याच्या घटना जगात झालेल्या आहेत, म्हणूनच चांगल्या कंपन्या मुठीच्या वर तसा इशारा छापतात. पावसाळ्यात वीज पडून माणसं-जनावरं दगावल्याच्या बातम्या मराठवाड्याला दर वर्षी वाचाव्या लागतात, तेव्हाही हातातली काठी कशाची आहे हे कळायला हवं. आता तुम्ही काचेला कार्बन म्हणता, त्यात फक्त पैसे जातात. पण माझ्याकडं आलेल्या सातांपैकी एका काठीवर 'फायबर' एवढंच लिहिलं होतं अन् मीटर लावल्यावर तो वाजला. तिच्या मालकाला वाटत होतं, फायबर म्हणजे प्लास्टिक, करंट लागत नाही. हा माणूस लाइटीच्या तारेखालीच बसतो. (ओली काठी, ओला तंगूस असेल तर काचेचाही भरवसा धरू नये, हे मी सगळ्यांना सांगतो. तारेखाली बसायचंच नाही.)

चौथं, माप. '२.७ मीटर' म्हणून आलेली काठी मी टेपनं मोजली, २.४४ भरली. किराणा दुकानदारानं किलोला शंभर ग्रॅम मारले तर त्याचा काटा जप्त होतो. इथं वितीपेक्षा जास्त काठी गायब झाली अन् उत्तर आलं, "मोजणीत थोडा फरक पडू शकतो." काठीचं वजन तर कुणी लिहीतच नाही, कारण वजन लिहिलं की काच का कार्बन हे जाणत्याला लगेच कळतं. किती पौंडाचा तंगूस चालेल, किती ग्रॅमचं शिसं फेकता येईल, हे दोन आकडे चांगल्या काठीच्या बुडाशी छापलेले असतात. ते नसतील तर गिऱ्हाईक अंदाजानं छटाकभर शिसं बांधून झोकतो, काठी मोडते, आणि तुम्ही म्हणता, चुकीचा वापर.

रिंगांबद्दल थोडक्यात. सात फुटी काठीला शेंड्याची धरून आठ-एक रिंगा तरी हव्यात. पाचच असल्या की तंगूस काठीला घासतो अन् वाक सारखा पडत नाही. स्वस्तातल्या रिंगेच्या आतलं सिरॅमिकचं कडं पहिल्या महिन्यातच निखळतं. काठी घरात आल्या आल्या कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक रिंगेतून फिरवा. कापूस अडकला तर कडं तडकलेलं आहे, ते तुमचा तंगूस कापणार. हे सात दिवसांच्या आत करा, नदीला पाणी नसलं तरी.

पाचवं, अभिप्राय. एका काठीखाली ४.३ चांदण्या होत्या. वाचत खाली गेलो तर बायाबापड्यांनी लिहिलेलं, 'शिट्टी चांगली होते', 'रबर घट्ट बसतं'. प्रेशर कुकरच्या पानावर काठी चढवून जुन्या चांदण्या आयत्या घेतल्या होत्या. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत याचं भारतीय मानक २०२२ मध्ये निघालंय, आयएस १९००० नावाचं. बंधनकारक नाही, म्हणून कपाटात आहे.

सहावं, परतीची मुदत. सात दिवस कुणी ठरवले? ज्यानं ठरवले त्यानं मे महिन्यात गंगेचं पात्र पाहिलेलं नाही. इथं काठी उन्हाळ्याच्या सेलमध्ये घेतली जाते आणि पाणी श्रावणात येतं. बरं, मुदतीत परत करायला गेलं तर 'आपल्या पिनकोडवर पिकअप उपलब्ध नाही'. आणताना पिनकोड चालतो, नेताना चालत नाही. पुन्हा, वर सांगितलेल्या नियमांतच आहे की माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा निघाला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. काचेची काठी जाहिरातीत कार्बनची होती. हे 'मला आवडली नाही' ह्या खात्यात बसत नाही.

तर आता मागणं.

काठीच्या पानावर मूळ देश वरच, किमतीशेजारी लिहा, अन् खोक्यावरच्या लेबलचा फोटो टाका, ज्यात देश, आयातदार, पत्ता वाचता येईल. दोन्हीत फरक दिसला तर पान त्याच दिवशी खाली उतरवा. 'जपान टेक्नॉलॉजी' हे शब्द जपानात न बनलेल्या मालावरून काढा.

काच, कार्बन की दोन्हींचं मिश्रण, हे मराठीत लिहा. 'फायबर' एवढ्यावर भागवू नका. टन अन् आयएम लिहायचं असेल तर धागा कुठल्या कारखान्याचा ते विक्रेत्याकडून कागदावर घ्या, नाहीतर लिहू देऊ नका.

उघडलेली लांबी, मिटलेली लांबी, ग्रॅममध्ये वजन, पेरं किती, रिंगा किती, तंगूस किती पौंडाचा, शिसं किती ग्रॅमचं : हे सात आकडे सक्तीचे करा. चपलेचं माप तुम्ही सक्तीनं विचारता, हेही जमेल.

कार्बन असलेल्या प्रत्येक काठीवर आणि तिच्या पानावर विजेचा इशारा, मराठीत, ठळक. हे उद्यापासून. बाकीच्याला महिना घ्या.

वर्णनाप्रमाणे नसलेल्या मालाला सात दिवसांची अट लावू नका. आणि ज्या पिनकोडवर माल पोचवता, त्याच पिनकोडवरून परत न्या.

आमच्या तक्रारीला माणसानं उत्तर द्यावं. तक्रारीचा निकाल महिन्यात लावायचा असा नियम आहे. 'बंद' हा निकाल नव्हे.

माझ्या भाच्याचे २,१४९ रुपये परत करा. हे मागणं सगळ्यात शेवटी लिहिलं, पण ते आहे.

तुम्हाला माहीत असेल, तरी वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी बंगळुरूची असो नाहीतर गुरुग्रामची, आम्हाला परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि मुदत सात दिवसांची नाही, दोन वर्षांची आहे. त्याआधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून नोंद करता येते. पावती, पानाचे फोटो, खोका, मोडलेले तुकडे फेकू नका. पान तर लगेच फोटो काढून ठेवा. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी त्यातला मजकूर बदललेला सापडतो, माझ्या बाबतीत 'जपान' तिसऱ्या दिवशी गायब झालं होतं. तोपर्यंत माझ्या मोबाइलमध्ये ते आलेलं होतं.

भाच्यानं सध्या वेळूची काठी केली आहे. धुरात टांगलेली आहे, दिवाळीपर्यंत तयार होईल. तुमच्या काठीचे तुकडे माझ्या दुकानात खुंटीला आहेत, खोका माळ्यावर. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवस ते तिथंच राहतील. कुणाला पाठवायचं असेल तर पाठवा. मीटर दुकानातच असतो, त्यांच्यासमोर पुन्हा लावून दाखवीन. एकतिसाव्या दिवशी मी ते पोत्यात घालून सकाळच्या गाडीनं परभणीला नेणार आहे.

आपला,
एक मोटार वाइंडिंगवाला
गंगाखेड, जि. परभणी